चिठ्ठीवर बाळाचे वजन का नसते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात ‘कोल्ड्रिफ’ या खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुलांचा बळी घेतला. त्यांपैकी अनेकांना मूत्रपिंडे निकामी झाल्यावर नागपूरच्या रुग्णालयांत आणावे लागले. त्यानंतर आपल्या दैनिकासह सर्वत्र जी चर्चा झाली, ती मुख्यतः औषधातील विषारी द्रव्याची झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. डायएथिलीन ग्लायकोल या विषारी द्रव्याचे प्रमाण ०.१ टक्क्याच्या आत असायला हवे, तिथे तमिळनाडूच्या औषध प्रशासनाच्या तपासणीत ते ४८.६ टक्के निघाले. हा दोष कोणत्याही डॉक्टरला किंवा दुकानदाराला नुसत्या डोळ्यांनी ओळखता येणारा नव्हता. मात्र या गदारोळात दुसरा प्रश्न मागे पडला. ‘कोल्ड्रिफ’सारख्या सर्दी-खोकल्याच्या औषधांत असलेले क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचे आदेश देशाच्या औषध महानियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच दिले होते. तरीही साध्या सर्दी-खोकल्यासाठी त्याहून लहान मुलांना अशी औषधे लिहून दिली जात होती. बाटलीत काय आहे हे तपासणारी यंत्रणा, तोकडी का होईना, आपल्याकडे आहे. ती बाटली लिहून देण्याआधी डॉक्टरांच्या खोलीत काय घडले, हे पाहणारी यंत्रणा मात्र जवळजवळ नाहीच. हे पत्र त्याविषयी आहे.

मी डॉक्टर नाही. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी अनेक वर्षे औषधांचे दुकान चालवले आणि आसपास मुलांचे दवाखाने असल्यामुळे आमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांत लहान मुलांच्या चिठ्ठ्या बऱ्याच असत. दवाखान्याच्या दाराआड काय चालते ते औषधविक्रेत्याला दिसत नाही. पण चिठ्ठी दिसते, आणि चिठ्ठी वाचण्याची सवय झालेल्या माणसाला तीवरून पुष्कळ कळते. डॉक्टरांनी बाळाला तपासले किती आणि नुसते पाहिले किती, याचाही थोडाफार अंदाज येतो.

पॅरासिटामॉलचेच उदाहरण घेतो, कारण ते सर्वांत साधे औषध समजले जाते. मोठ्या माणसाला एक गोळी सांगितली की काम भागते. मुलाला ते वजनावर द्यावे लागते, एका वेळी किलोमागे फार तर १५ मिलिग्रॅम. आठ किलोच्या बाळासाठी ही मात्रा १२० मिलिग्रॅम होते. आता तेवढे औषध पोटात जायला एका प्रकारच्या सिरपचे ५ मिलिलिटर द्यावे लागतात, त्याच नावाच्या दुप्पट तीव्रतेच्या सिरपचे अडीच मिलिलिटर, आणि ज्या ड्रॉप्समध्ये मिलिलिटरमागे १०० मिलिग्रॅम औषध असते त्यांचे अवघे १.२ मिलिलिटर. चिठ्ठीवर औषधाचे नाव आणि पुढे ‘१ चमचा, ३ वेळा’ एवढेच असेल, आणि घरात मागच्या आजारपणातली ड्रॉप्सची बाटली शिल्लक असेल, तर बाळाला एका वेळी चौपटीहून जास्त औषध जाऊ शकते. चमचा कोणता, हा आणखी वेगळा प्रश्न. ताप उतरत नाही म्हणून घरातले दुसरे कोणी तासा-दोन तासांनी तेच औषध पुन्हा पाजते. असे चालत राहिले तर इजा यकृताला होते आणि ती लगेच दिसतही नाही. हे सारे टाळण्यासाठी चिठ्ठीवर तीन गोष्टी पुरतात: बाळाचे त्या दिवशीचे वजन, औषधाची तीव्रता आणि मिलिलिटरमधली मात्रा. या तिन्ही गोष्टी असलेल्या चिठ्ठ्या देणारे डॉक्टर मी पाहिले आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण वयाच्या जागी नुसता ‘५’ लिहिलेल्या चिठ्ठ्याही आमच्याकडे येत, आणि ते पाच महिने की पाच वर्षे हे समोर उभ्या असलेल्या आईच्या कडेवर पाहून ठरवावे लागे. ‘वजन किती आहे हो ताई बाळाचं?’ असे विचारले की ‘केलं होतं, पण लिहून दिलं नाही,’ किंवा ‘आज केलंच नाही,’ अशी उत्तरे मिळत. बाळाला घरी ठेवून वडील एकटेच औषध न्यायला आले असतील, तर तेही कळायला मार्ग नसे.

मुलांच्या दवाखान्याचा दर्जा म्हणजे काय, असे कोणी विचारले तर बहुतेक पालक स्वच्छता, भिंतींवरची चित्रे, खेळणी, वातानुकूलन आणि डॉक्टरांचा गोड स्वभाव यांविषयी बोलतील. मोबाइलवर दवाखान्याला जे तारे दिले जातात तेही बहुधा बाहेरच्या बाकावर बसून किती वेळ गेला यासाठीच असतात. यांत गैर काही नाही. रडणाऱ्या मुलाला घेऊन दोन तास बसणाऱ्या आईला त्या बाकाचे महत्त्व कळते. पण हा सगळा दर्जा बाहेरच्या खोलीचा झाला. आतल्या खोलीचा दर्जा मोजायचा तर नोंदी पाहाव्या लागतात, आणि नोंदी पाहण्याचा अधिकार किंवा सवय आज कोणालाच नाही.

कायद्याची स्थिती पाहा. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम १९४९ चा आहे. २०२१ मध्ये त्याच्या नियमांत सुधारणा होऊन रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावणे बंधनकारक झाले, हे चांगले झाले. परंतु हा कायदा रुग्णांना दाखल करून घेणाऱ्या ठिकाणांसाठी आहे. खाटा नसलेला, नुसती बाह्यरुग्ण तपासणी करणारा दवाखाना त्याच्या कक्षेत येत नाही. केंद्राने २०१० मध्ये केलेला वैद्यकीय आस्थापनांचा कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. म्हणजे बहुसंख्य मुले जिथे आजारपणात प्रथम जातात, ती जागा डॉक्टरांची पदवी आणि वैद्यक परिषदेतील नोंदणी यांच्या भरवशावर चालते. मौज अशी की त्याच दवाखान्यातली वापरलेली सुई कोणत्या रंगाच्या डब्यात टाकायची आणि पुढे कोणाकडे द्यायची, हे २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी बारकाईने ठरवून दिले आहे. सुई कुठे गेली याचा हिशेब सरकारला हवा आहे. ती कोणाला, का आणि किती वजन पाहून टोचली, याचा हिशेब कोणी विचारत नाही.

सरकारी रुग्णालयांची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे राष्ट्रीय गुणवत्ता मानके आहेत आणि २०२१ पासून खास मुलांसाठी ‘मुस्कान’ हा उपक्रम आहे. त्यात नवजात काळजी कक्ष, बाह्यरुग्ण विभाग, पोषण पुनर्वसन केंद्र यांची गुण देऊन तपासणी होते आणि त्या तपासणीत केवळ इमारत न पाहता उपचारांच्या नोंदीही पाहाव्यात, असे अपेक्षित आहे. कागदावर ही रचना चांगली आहे. अडचण अंमलबजावणीची आहे. तपासणी पथक येणार म्हटले की आठवडाभर रंगरंगोटी होते, फाइली पूर्ण केल्या जातात, तक्ते भिंतीवर चढतात आणि पथक गेले की पूर्ववत सुरू होते, हा अनुभव शासकीय सेवेतील कोणीही खाजगीत सांगेल. शिवाय आपल्याकडे तपासणी बहुधा नुकत्याच झालेल्या दुर्घटनेची होते. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षाला आग लागून १० अर्भके दगावली, तेव्हा राज्यभर अग्निसुरक्षेच्या तपासण्या सुरू झाल्या. त्या आवश्यकच होत्या. पण जे रोज, शांतपणे, एकेका मुलाच्या बाबतीत चुकते आणि ज्याची बातमी होत नाही, ते अशा तपासण्यांच्या जाळ्यात कधी सापडत नाही.

यावर माझी सूचना अगदी लहान प्रमाणातली आहे. प्रत्येक बालरोगतज्ज्ञाने महिन्यातून एक दिवस मागील महिन्याचे वीस केसपेपर न निवडता, हाताला येतील तसे काढावेत आणि थोड्याच प्रश्नांची उत्तरे त्यांत शोधावीत. वजन लिहिले आहे का? खोकला आणि धाप असलेल्या मुलाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजल्याची नोंद आहे का? दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, वर्षाच्या आतल्या बाळाचे ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक असतील, तर न्यूमोनियाचा संशय धरावा, हा निकष आशा कार्यकर्तीलाही शिकवला जातो. त्यासाठी घड्याळाशिवाय काही लागत नाही, पण पूर्ण मिनिट लागते, आणि गर्दीच्या वेळी तेच मिनिट वाचवले जाते. जुलाब लागलेल्या मुलाला ओआरएस आणि झिंक दिले का, की थेट प्रतिजैविकाची बाटली? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जुलाब झालेल्या देशातील मुलांपैकी सुमारे ६१ टक्के मुलांना ओआरएस मिळाल्याचे आढळले आणि झिंक मिळालेली मुले जेमतेम ३० टक्के होती. झिंकच्या गोळ्या महाग नाहीत, दुर्मीळही नाहीत. त्या लिहिल्याच जात नाहीत, आणि लिहिल्या तरी जुलाब मध्येच थांबले तरी एकूण १४ दिवस द्यायच्या हे सांगितले जात नाही. शेवटचा प्रश्न असा, की मूल काही पीत नसेल, सारे उलटून टाकत असेल, झटके आले किंवा सुस्त पडले तर रात्र असली तरी थांबू नका, हे पालकांना लेखी दिले का?

वीसपैकी किती केसपेपरांत उत्तर ‘होय’ आले तो आकडा एका वहीत लिहावा. पहिल्या महिन्यात तो वाईट येईल. त्यात लाज वाटण्याचे कारण नाही, कारण तो आकडा दुसऱ्या कोणाला दाखवायचा नाही. मग एकच गोष्ट निवडून ती बदलावी. उदाहरणार्थ, वजनकाटा आतल्या खोलीतून काढून नोंदणीच्या टेबलाशेजारी ठेवावा आणि वजन लिहिल्याशिवाय केसपेपर आत येणार नाही असे सिस्टरला सांगावे. पुढच्या महिन्यात पुन्हा वीस कागद पाहावेत. दिल्लीच्या एम्समधील बालरोग विभागाने जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने रुग्णसेवेच्या जागीच दर्जा सुधारण्याची जी प्रशिक्षणपद्धत तयार केली आहे, तिचा गाभा असाच आहे: अडचण निवडा, तिचे कारण शोधा, छोटा बदल करून मोजा आणि टिकला तर कायम करा. त्यासाठी ना सल्लागार लागतो, ना सॉफ्टवेअर.

‘दिवसाला शंभर मुले तपासणाऱ्याला एवढा वेळ कुठून मिळणार?’ असे डॉक्टर म्हणतील. अडचण खरी आहे; तालुक्याच्या गावी पावसाळ्यात दवाखान्यांत पाय ठेवायला जागा नसते, हे मी पाहिले आहे. पण महाराष्ट्रातच याचे एक उत्तर आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच, बेताचे शिक्षण झालेल्या स्त्रियांना नवजात बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे आणि ते लिहून ठेवणे शिकवले. त्या कामातून नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि पुढे देशभरातील आशा कार्यकर्तींच्या गृहभेटींचा कार्यक्रम त्याच अनुभवावर उभा राहिला. झोपडीत, कंदिलाच्या उजेडात जी नोंद होऊ शकली, ती वीज, काटा आणि मदतनीस असलेल्या दवाखान्यात होऊ शकत नाही, हे मान्य करणे मला तरी जड जाते. डॉक्टरांना वेळ नसेल तर वजन, ताप आणि श्वास या तीन नोंदी प्रशिक्षित सिस्टरने कराव्यात. त्याच सिस्टरने दर थोड्या वेळाने बाहेरच्या बाकांवरून नजर फिरवून धाप लागलेले किंवा मलूल पडलेले मूल नंबर न पाहता आत घ्यावे. नंबर लावण्याची शिस्त चांगली, पण सदतिसाव्या नंबरचे बाळ निळे पडत असताना ती पाळायची नसते.

लसींच्या फ्रीजविषयीही लिहिले पाहिजे, कारण तो विषय माझ्या धंद्याच्या जवळचा आहे. लसी २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवाव्या लागतात. त्या गरम झाल्या तर बिघडतात हे सर्वांना ठाऊक असते; पंचगुणी (पेंटाव्हॅलंट), हिपॅटायटिस बी किंवा न्यूमोकोकल यांसारख्या लसी गोठल्या तरीही निकामी होतात, हे तितकेसे ठाऊक नसते. सरकारी केंद्रांत त्यासाठी खास शीतपेट्या असतात आणि तापमान दिवसातून दोनदा लिहायचे असते. खाजगी दवाखान्यात अनेकदा घरगुती फ्रीज असतो. त्यात थंड कप्प्याला चिकटून बाटल्या ठेवल्या जातात, दारात पाण्याची बाटली असते, आणि रविवारी दवाखाना बंद असताना वीज किती तास गेली होती हे सोमवारी कोणाला सांगता येत नाही. निकामी लस टोचली गेली तरी बाळाला सहसा काही होत नाही, कार्डावर तारीख पडते, पैसे दिले जातात आणि संरक्षण मात्र मिळालेले नसते. दर्जाची ही उणीव पालकांना कधीच दिसणार नाही. म्हणून फ्रीजवर थर्मामीटर आणि सकाळ-संध्याकाळच्या नोंदीचा कागद लावलेला आहे का, एवढे तरी पालकांनी विचारायला हरकत नाही. चांगले डॉक्टर त्याचा राग मानणार नाहीत.

आता चुकांविषयी. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील कापसी-कोपरी येथे १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात निर्जंतुक करण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. मुले सुदैवाने बचावली आणि कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. कारवाई करू नये असे मी म्हणत नाही. पण आपल्याकडे चूक उघडकीला आली की पहिला प्रश्न ‘कोणी केली?’ असा असतो आणि त्याचे उत्तर मिळाले की चौकशी संपते. सॅनिटायझरची बाटली लसीच्या जागी पोहोचली कशी, थेंब पाजण्याआधी लेबल दोघांनी वाचायची पद्धत होती का, असलेली पद्धत गर्दीत का मोडली, या प्रश्नांची उत्तरे इतर गावांतल्या केंद्रांना उपयोगी पडतात. निलंबनाचा आदेश उपयोगी पडत नाही. त्यातून बाकीचे कर्मचारी एवढेच शिकतात की चूक झाली तर ती बाहेर येऊ द्यायची नाही. प्रत्येक दवाखान्यात थोडक्यात टळलेल्या चुकांची एक वही असावी आणि तीत नाव न लिहिता नोंद करता यावी. चुकीच्या तीव्रतेचे सिरप हातात घेतले पण देण्याआधी लक्षात आले, अशी प्रत्येक नोंद ही पुढच्या अपघाताची आगाऊ सूचना असते.

डॉक्टर अशी वही ठेवायला बिचकतील आणि त्यांचे बिचकणे मला समजते. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली असल्याचा निर्णय दिल्यापासून लिहिलेला प्रत्येक शब्द उद्या पुरावा होईल, ही धास्ती त्यांच्या मनात आहे. दुसऱ्या बाजूला दवाखान्यांची तोडफोड आणि डॉक्टरांना मारहाण इतकी वाढली की राज्याला २०१० मध्ये त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. आपण पालकही या परिस्थितीला जबाबदार आहोत. दोन दिवसांत गुण आला नाही की डॉक्टर बदलायचा, आणि ‘साध्या सर्दीला औषधाची गरज नाही, पाणी पाजा, नाक मोकळे ठेवा,’ असे सांगणाऱ्या डॉक्टरला काही येत नाही असे समजायचे, ही आपली रीत आहे. तीन बाटल्या लिहिणारा दवाखाना भरतो आणि एकच लिहिणारा ओस पडतो. मी दुकानदार होतो. तीन बाटल्यांत माझाही नफा होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

म्हणूनच ही पाहणी सरकारी निरीक्षकाकडे न देता समव्यवसायी डॉक्टरांकडेच असावी असे मला वाटते. बालरोगतज्ज्ञांच्या ‘इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स’ या संघटनेच्या जिल्ह्याजिल्ह्यांत शाखा आहेत. त्यांच्या बैठकांत नव्या औषधांवर आणि लसींवर व्याख्याने होतात. वर्षातून काही बैठकांत सभासदांनी रुग्णाचे आणि डॉक्टरचे नाव झाकून वीस-वीस केसपेपर एकमेकांना तपासायला द्यावेत आणि संपूर्ण जिल्ह्याचा एकत्रित आकडा, कोणाचेही नाव न घेता, वर्तमानपत्राला कळवावा. ‘आमच्या जिल्ह्यात इतक्या मुलांच्या केसपेपरवर वजन लिहिलेले आढळले’ हे वाक्य लोकांनी वाचले, तर पुढच्या वेळी आई स्वतःच विचारील.

यात औषध दुकानांचाही वाटा असू शकतो. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या औषध नियमांतील अनुसूची ‘एच-१’ नुसार सेफिक्झिम, सेफपोडॉक्झिम यांसारखी प्रतिजैविके विकताना डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि प्रमाण यांची वेगळ्या नोंदवहीत नोंद करून ती वही तीन वर्षे जपून ठेवावी लागते. म्हणजे कोणत्या गावात, कोणत्या महिन्यात, मुलांना किती प्रमाणात ही औषधे दिली गेली याची माहिती प्रत्येक दुकानात आधीच पडून आहे. निरीक्षक येतात, वही आहे की नाही ते पाहतात, सही करतात आणि जातात. तिच्यात काय लिहिले आहे ते कोणी वाचत नाही. अन्न व औषध प्रशासनाने एखाद्या जिल्ह्यातील या वह्यांतील मुलांसाठीच्या सिरपची बेरीज करून ती जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना आणि वर सांगितलेल्या शाखेला दिली, तर साध्या तापा-खोकल्यासाठी सेफिक्झिमसारखी तिसऱ्या पिढीची प्रतिजैविके किती सहज लिहिली जातात, हे सर्वांनाच कळेल. त्यातून कोणावर खटला भरायचा नाही. पुढच्या वर्षी बेरीज पुन्हा करायची आणि ती कमी झाली का ते पाहायचे.

एखाद्या जिल्ह्याने हे सुरू करायचे ठरवले तर तिथल्या औषधविक्रेत्यांच्या संघटनेने आपल्या सभासदांना वह्या उपलब्ध करून देण्यास सांगावे, अशी विनंती मी माझ्या जुन्या सहव्यावसायिकांना या पत्राद्वारे करतो. माझ्या जिल्ह्यात कोणी पुढाकार घेतल्यास नोंदी उतरवून घेण्याचे काम विनामूल्य करण्याची माझी तयारी आहे.

आपला,
एक निवृत्त औषधविक्रेता
(जि. सातारा)